हॅरीला वाटेला कसं लावावं (वाट न लावता)

आमच्याकडे पाहुण्याला वाटेला लावणं म्हणजे दारातून हात हलवणं नव्हे. त्याच्या पिशवीत नको नको म्हणत असताना दोन नारळ कोंबायचे, पाणंदीतून तिठ्यापर्यंत जायचं, एस.टी. येईपर्यंत फाट्यावर उभं राहून उगाच काहीबाही बोलायचं आणि गाडी वळणाआड गेली की मग मागे फिरायचं. यातलं काही घाईत उरकलं, तर ते वाटेला लावणं होत नाही, वाट लावणं होतं.

हॅरी पॉटरची मी अशी तीनदा वाट लावली. चौथ्यांदा, गेल्या मे महिन्यात, जमलं. दादाने घर दुरुस्तीला काढलं, कौलं उतरवायची ठरली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत सात पुस्तकं (तीन मराठी, चार इंग्रजी), सिनेमांच्या डीव्हीडी, एक थ्रीडी चष्मा आणि माडाच्या हिराची एक छडी. दादा म्हणाला, "हे आता काय ते करून टाक." काय ते कसं केलं, ते सांगते. तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असणार.

आधी चुका सांगते, म्हणजे पुढचं सगळं असं का, ते कळेल.

पहिली चूक २००७ ची. शेवटचं पुस्तक २१ जुलैला, शनिवारी, बाहेर पडलं. देवगडात ते कुठलं यायला! दादरच्या मामाने घेतलं, खाकी कागदात बांधलं आणि रातराणीच्या ड्रायव्हरकडे दिलं. बाबा सकाळी स्टँडवर जाऊन घेऊन आले. मी दहावीला होते, म्हणून आईने पुस्तक तांदळाच्या पिंपात ठेवलं, चाचणी परीक्षा संपेपर्यंत. (मधल्या एका पानावर अजून एक चपटा टोका आहे. तो तेव्हाचा.) परीक्षा संपली त्या दिवशी मी पिंपात हात घातला आणि दोन रात्री नि मधल्या रविवारात पुस्तक संपवलं. इंग्रजी यथातथाच. सुरुवातीला डिक्शनरी मांडीवर होती, मग ती कधी खाली पडली कळलं नाही. निम्मे शब्द ओलांडत, चिमणीच्या उजेडात, हपापल्यासारखी वाचत गेले. आणि सोमवारी जेवताना दादाच्या पानावरच बोलून गेले, "स्नेप चांगला होता रे." (स्नेप म्हणजे सहा पुस्तकं दुष्ट वाटत राहिलेला मास्तर.) दादा तोपर्यंत पाचव्या पुस्तकात होता. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही आणि सातवं त्याने आजतागायत पूर्ण वाचलेलं नाही.

दुसरी २०११ ची. आठवा, म्हणजे शेवटचा सिनेमा १५ जुलैला लागला. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. कॉलेजात सरांना फुलं देताना माझ्या डोक्यात हॅरीचे मुख्याध्यापक डंबलडोर आणि स्नेप. रविवारी आम्ही पाच जण कोल्हापूरला गेलो. करूळ घाटात धुकं इतकं, की कंडक्टर दारात उभा राहून ड्रायव्हरला रस्त्याची कड सांगत होता. सिनेमा बघितला, पण सगळं लक्ष घड्याळावर, कारण परतीची शेवटची गाडी. पडद्यावर 'एकोणीस वर्षांनंतर' आलं आणि आम्ही चपला शोधायला लागलो. नावं वर सरकत होती तेव्हा आम्ही रिक्षात होतो. घाट उतरताना माझ्या लक्षात आलं, की थ्रीडीचा चष्मा डोक्यावरच राहिला आहे. तो परत द्यायचा असतो. म्हणजे दहा वर्षांची सोबत सुटली आणि हातात काय, तर चोरीचा चष्मा.

तिसरी चूक बारीक आहे, पण तिनेच मला रीत शिकवली. पुस्तकात सालं फारशी उघड लिहिलेली नाहीत. पण दुसऱ्या भागात त्या मुंडकं अर्धवट तुटलेल्या भुताचा पाचशेवा मृत्युदिन होतो आणि केकवर १४९२ असतं. तिथून बोटं मोजत आलं की हॅरी १९९१ च्या सप्टेंबरात शाळेत जातो, शेवटची लढाई मे १९९८ मध्ये होते आणि शेवटच्या प्रकरणात तो आपल्या मुलांना गाडीत बसवायला येतो तो दिवस निघतो १ सप्टेंबर २०१७. (आमची कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. तिकडे लढाई व्हायच्या तीन महिने आधी इकडे आम्हाला गाडी मिळाली. कुणाला काय, कुणाला काय.) तर २०१७ च्या त्या शुक्रवारी दादाने ठाण्याहून मला एक मेसेज पाठवला, मी त्याला एक डोळ्यात पाणी आलेलं तोंड पाठवलं, आणि झालं. एकोणीस वर्षांचा हिशोब दोन टिकमार्कांत संपला.

पण त्या वर्षी २५ ऑगस्टला गणपती बसले होते आणि आमचा सात दिवसांचा. म्हणजे तो आदल्याच दिवशी गेला होता. मी मेसेज पाठवून वळले तर समोर रिकामं मखर, वर माटवीच्या लाकडी चौकटीला टांगलेली कवंडळाची फळं, आणि पाटावर खाडीवरून आणलेली मूठभर वाळू. आदल्या संध्याकाळचं सगळं आठवलं. उत्तरपूजा झाल्यावर बाबांनी मूर्ती लगेच उचलली नव्हती. आधी ती जागेवरच थोडीशी हलवली. दही-पोह्यांची शिदोरी बांधली. मग उचलली. आणि येताना पाट रिकामा आणला नाही.

आधी जागेवर हलवायचं, मग उचलायचं. मी तिन्ही वेळा मूर्ती हलवलीच नव्हती.

आता रीत.

वेळ निवडा ती एप्रिल-मेची. मृगाच्या आत सगळं उरकलं पाहिजे, कारण पुस्तकं एकदा पावसाळ्यात अडकली की निरोप राहतो बाजूला, बुरशीच पुसत बसावी लागते. समुद्रकाठच्या घरात कागद वर्षभर दमट असतो. आमच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या, तरी चौथ्या पुस्तकाच्या कण्यावर कसर लागलेली आणि पाचव्याचा कणा आपल्याच वजनाने फाटलेला. पाचवं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांचं आहे. असलं धूड उभं ठेवलं तर पानं खाली ओढली जातात आणि डिंक सुटतो. आडवं ठेवायचं, सगळ्यात खाली.

पुस्तकं वाळवायची ती सावलीत. मे महिन्याचं ऊन बघून कोणालाही वाटतं, की खळ्यात आंबा-फणसाची साटं घालावी तशी पसरावी. तसं करू नका. उन्हाने कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो आणि सांध्याचा डिंक कडकडीत होऊन पानं हातात येतात. पडवीत, वारा खेळेल अशा जागी, पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं करायचं. दोन दिवस. संध्याकाळी दमट वारा सुटायच्या आत मिटून घरात. बुरशी असेल तर तोंडाला फडकं बांधून, अंगणात जाऊन, कोरड्या मऊ ब्रशने झाडायची. मी दाढीचा जुना ब्रश वापरला. ओलं फडकं पुस्तकाला लावायचं नाही म्हणजे नाही. मग पानांत नव्हे, पुस्तकांच्या मधे वेखंडाचे तुकडे आणि सुकलेला कडुलिंब. ट्रंक परत ठेवायची असेल तर चार चिऱ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी तुमच्या आधी सातवं पुस्तक संपवेल.

आई दोन दिवस येता-जाता बघत होती. "मेल्यांनो, पुस्तका वाळवतास की पापड?" तिसऱ्या दिवशी तीच तिसरं पुस्तक उलटं-सुलटं करून ठेवताना दिसली.

वाळवताना पुस्तकं हाताळावी लागतात, आणि त्यातून काय काय गळतं. आमच्या दुसऱ्या पुस्तकातून कंडक्टरने ट्रेमधून फाडून दिलेली एस.टी.ची तीन तिकिटं निघाली. सहाव्यातून सुकलेलं सुरंगीचं फूल. पहिल्या मराठी पुस्तकात, 'हॅरी पॉटर आणि परीस'मध्ये, आतल्या पुठ्ठ्यावर दादाच्या अक्षरात लिहिलेलं: 'हे पुस्तक चोरणाऱ्याचा बेडूक होईल.' सगळं एका ताटलीत काढून ठेवा. फेकू नका, पण परत पुस्तकातही घालू नका. पुस्तक ज्याच्याकडे जाणार, त्याला आपली तिकिटं कशाला?

पैशांचा विचार आलाच तर पटकन उरकून घ्या. दादाने कुठेतरी वाचलं होतं, की जुन्या हॅरी पॉटरला लाखांत किंमत येते. येते, पण ती जून १९९७ मधल्या पहिल्या ब्रिटिश छपाईला, आणि तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या प्रती छापल्या होत्या फक्त ५००. रातराणीने देवगडला आलेल्या, तांदळाचा वास असलेल्या प्रतीला रद्दीवाला किलोचा भाव देईल. विषय संपला.

आता हलवण्याचं काम. मी यात सगळ्यात जास्त दिवस घातले आणि तुम्हीही घाला.

बहुतेक जण निरोप द्यायचा म्हणून सातही पुस्तकं पहिल्यापासून परत वाचायला घेतात. मी दोनदा घेतली होती. होतं असं, की चौथ्यापर्यंत मजा येते, मग मरणं सुरू होतात, आणि आपण परत त्याच स्मशानात जाऊन उभे राहतो, जिथून दहावीत रडत आलो होतो. म्हणून यंदा उलटं वाचलं. सातवं आधी, मग सहावं, मग पाचवं, असं खाली उतरत पहिल्याकडे. सगळी पानं नाही. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात. प्रत्येकातली आठवणीतली पाच-सहा प्रकरणं, रात्री जेवणं झाल्यावर, पडवीत.

उलटं वाचलं की काय होतं बघा. सातव्यात हॅरीच्या मित्राचा भाऊ फ्रेड मरतो, मास्तर ल्युपिन मरतो, घरगडी डॉबी मरतो, हॅरीची पांढरी घुबडीण मरते. सहावं उघडलं की सगळे हजर, घुबडीण पिंजऱ्यात पंख साफ करत बसलेली. सहाव्यात डंबलडोर मनोऱ्यावरून पडतो. पाचवं उघडलं की आपल्या खोलीत बसलेला. पाचव्यात गेलेला हॅरीचा धर्मपिता सिरियस चौथ्यात पत्रं पाठवतो. चौथ्यात गेलेला शाळासोबती सेड्रिक तिसऱ्यात मैदानावर उडतो. एकेक करून सगळे परत येतात, युद्ध निवळत जातं, पोरं लहान होत जातात, पुस्तकंही पातळ होतात, आणि शेवटी जिन्याखालच्या कपाटात झोपलेला एक दहा वर्षांचा मुलगा उरतो, ज्याचं पत्र अजून यायचं आहे. त्याचे आईवडील तेवढे परत येत नाहीत. मागे कितीही या, पहिल्या प्रकरणाच्या आधीच ते गेलेले असतात.

त्या जागी थांबायचं. पत्र येऊ द्यायचं नाही. पुस्तक मिटायचं.

उलट वाचताना मला एक माणूस भेटलं, ज्याची मी वाट बघत नव्हते: आजी. ती २०१० च्या शिमग्यानंतर गेली. शाळेत असताना मी तिला ही गोष्ट मालवणीत सांगायचे, रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडताना. मे महिन्यात अंगणात रातांब्यांचा ढीग असायचा, हात लाल, आणि माझं तोंड चालू. शाळेतली भुतं तिला लगेच पटली. "देवचार असतलो," म्हणायची, "राखण करता." आणि त्या काळ्या जादूगाराचं नाव कुणी घेत नाही, हे तर मला समजावून सांगावंच लागलं नाही. "रातीचा नाव घेव नये. आमी सापाक लांबडा म्हणताव, तसाच ह्या." इंग्लंडातल्या मुलांना त्यासाठी अख्खं पुस्तक लागलं असेल, आजीला एक वाक्य पुरलं. तिला काळजी एकाच पात्राची होती, मालकाकडून मोजा मिळाला की गुलामीतून सुटणाऱ्या डॉबीची. गोष्ट कुठेही असो, मधेच विचारायची, "आणि त्या डॉबीक मोजो गावलो मां?" सातवं पुस्तक मी तिला सांगितलं तेव्हा डॉबीचं मरण गाळलं. ते खोटं मी आजही मागे घेत नाही.

तुम्हालाही असं कोणी भेटेल. भेटलं की त्या दिवशीचं वाचन तिथेच बंद करा. पानं उद्याही असतात.

सिनेमांचं मात्र उलटं चालत नाही. सिनेमात माणसं खरी असतात आणि ती खरोखरच गेलेली आहेत. पहिल्या दोन सिनेमांतले डंबलडोर, रिचर्ड हॅरिस, २००२ मध्येच गेले. तिसऱ्यापासून मायकेल गॅम्बन आले, तेही २०२३ मध्ये गेले. स्नेप झालेले ॲलन रिकमन २०१६ च्या जानेवारीत, आमच्याकडे तीळ भाजायला घेतले होते तेव्हा. शाळेचा राखणदार हॅग्रिड झालेले रॉबी कोल्ट्रेन २०२२, मास्तरीण मॅगोनागल झालेल्या मॅगी स्मिथ २०२४. आठही सिनेमे ओळीने लावून बसलात, तर ते श्राद्ध होईल. मी तीनच लावले. पहिला, कारण त्यात सगळे आहेत. तिसरा, कारण तो सगळ्यांत देखणा आहे (माझं मत, दादाचं मत चौथा, कारण त्यात ड्रॅगन). आणि आठव्याची फक्त शेवटची दहा मिनिटं, नावं संपून पडदा काळा होईपर्यंत. २०११ चं देणं होतं. आमच्या डीव्हीडींवर बुरशीची जाळी चढली होती, दोन चालल्याच नाहीत, मग भाचेमंडळींच्या मोबाइलवरून टीव्हीला जोडून बघितले. दादा ठाण्याहून आला होता. नावं वर जात असताना तो म्हणाला, "रिक्षा बोलवू?"

आता सगळी पुस्तकं म्हणे नव्याने मालिकेत येणार आहेत, नवी मुलं घेऊन. मला विचाराल, तर त्यावरून भांडायचं कारण नाही. तो हॅरी आपला नव्हे. तो पुढच्यांचा. आपल्या पाटावर दुसऱ्याचा गणपती आणून बसवत नाहीत, तसा.

यानंतर एक दिवस काढा, ज्याला पुस्तकं द्यायची त्या मुलासाठी. माझी भाची दहा वर्षांची. तिला मी काही सांगितलं नाही, फक्त कणकवलीहून रत्नागिरीची गाडी धरली. निवसर गेल्यावर रत्नागिरीच्या अलीकडे पानवलचा पूल लागतो, ६४ मीटर उंच. सिनेमात ती लाल आगगाडी ज्या कमानींच्या पुलावरून वळण घेत जाते, तो स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन पूल आमच्या पानवलच्या निम्म्याहून कमी उंच आहे. वाफेचं इंजिन नाही, हे खरं. पण खाली बघून पोटात गोळा येतो, तो तोच. भाची खिडकीला नाक लावून गप्प बसली आणि मी खूश झाले. रत्नागिरीत तिला नगर वाचनालय दाखवलं. १८२८ सालचं आहे ते. तिने विचारलं, "आत्या, इथे जुनी भुतं असतील?" मी म्हटलं, "वाचक असतात. तसेच दिसतात."

घरी आल्यावर हॅरीच्या शाळेतल्यासारखा जादूच्या काढ्यांचा तास. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, तेवढी हौस भागवून घेतली. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चमचाभर कोकमाचं आगळ, लालबुंद. मग खायचा सोडा चिमूट-चिमूट. फसफसून फेस येतो, लाल रंग आधी जांभळा होतो, मग निळसर, मग काळपट हिरवा. वर लिंबू पिळलं की परत लालीवर येतो. कोकमाचा रंग आंबट असताना लाल आणि सोडा पडला की निळा, एवढंच त्यात आहे, पण हे आधी सांगायचं नाही. आधी मंत्र म्हणायला लावायचा. प्यायला मात्र देऊ नका. प्यायला वेगळं सरबत करा. पुस्तकातली ती लोण्याची बीअर घरी करून बघायच्या भानगडीतही पडू नका. आम्ही केली होती एकदा, गूळ, लोणी आणि सोडा घालून. मांजरानेसुद्धा तोंड फिरवलं.

छडीचं काय करायचं, हा प्रश्न होता. दादाने ती माडाच्या झावळीचा हीर सोलून केली होती, सहावीत. भाचीला द्यावी असं वाटलं, पण तिने एकदा हवेत फिरवून बाजूला ठेवली. तिला तिची स्वतःची करायची होती, आणि बरोबर आहे, छडी ज्याची त्याने करायची. आई खळ्यात नवा खराटा बांधत बसली होती, हिरांचाच. दादाने आपली छडी नेऊन त्या जुडीत खोचली. आता ती रोज सकाळी अंगण झाडते. जादूगारांच्या शाळेत खराट्याला जेवढा मान आहे, तेवढा आमच्याकडेही आता आहे.

पुस्तकं देण्याबद्दल माझी दोन-तीन ठाम मतं आहेत. संच मोडू नका. गावच्या वाचनालयात दिलात तर सगळे भाग एकाच दिवशी, नोंद करून द्या; वाचनालयात तिसरा भाग हरवलेला संच म्हणजे पोरांवर अन्याय. मुलाला दिलात, तर संच त्याचा, पण हातात एकच पुस्तक. पुढची तीन वर्षं कपाटाची किल्ली मोठ्या माणसाकडे. कारण पहिलं पुस्तक दहा वर्षांच्या मुलाचं आहे, सातवं नाही. वाचणाऱ्याला हॅरीबरोबर मोठं व्हायला वेळ मिळायला हवा. आणि मुलाला इंग्रजी येत असेल, तरी घरात मराठी प्रत असली तर ती आधी द्या, म्हणजे आजीलाही वाचून दाखवता येते.

आणि काहीतरी ठेवून घ्या. एक वस्तू, मूठभर वाळूएवढी. पुस्तक नको, पुस्तक ठेवलं की परत सगळं ठेवावंसं वाटतं. मी थ्रीडीचा चष्मा ठेवला. परत करायला आता उशीर झाला आहे. तिकिटं दादाने नेली, सुरंगीचं फूल आईने देव्हाऱ्यात ठेवलं. ते कुणाचं होतं ते मी तिला सांगितलं नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी भाची कणकवलीला परत निघाली. पिशवीत दोन नारळ, आमसुलं, आणि खाकी कागदात बांधलेलं 'परीस'. आम्ही सगळे फाट्यापर्यंत गेलो. गाडी वीस मिनिटं उशिरा आली, ते बरं झालं. तिने विचारलं, "आत्या, यात काय आहे?" मी म्हटलं, "एक मुलगा आहे. त्याला पत्र यायचंय." गाडी वळणाआड गेल्यावर दादा म्हणाला, "सातवं मी वाचू का आता?" मी म्हटलं, ते ट्रंकेसकट कणकवलीला जाणार आहे, भाचीनंतर नंबर लाव.

शेवटची सूचना, आणि ही सगळ्यांत कठीण. पुस्तक गेल्यावर गप्प बसायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, धो धो पाऊस, वीज गेलेली, मी चिमणी शोधत होते आणि फोन वाजला. पलीकडे भाची, आवाज एकदम खाली आणलेला, बहुतेक पांघरुणातून.

"आत्या, ती भिंतीवर दिवसभर बसलेली मांजर आहे ना पहिल्या धड्यात, ती खरी मांजर नाहीये ना?"

माझ्या तोंडात पुढची सात पुस्तकं आली. मी ती गिळली.

"माका काय ठावक!" म्हटलं. "वाच तू."